बकज्वर आणि बकध्यान

मी आयुष्यात ढेकणांखेरीज कशाचीही शिकार केलेली नाही. तीसुद्धा रॉकेलच्या पिचकारीने. आणि त्यातही ऐन वेळी हात हलून निम्मे रॉकेल उशीवर गेल्याची हकीकत आमची ही अजून आल्यागेल्याला सांगते.

तरीही शिकारीच्या वाङ्मयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. ज्या कामावर टीका करायची ते काम स्वतःला यावे लागते असे असते, तर टीकाकार हा वर्ग केव्हाच उपाशी मेला असता. शिवाय माझे वाचन दांडगे आहे. लहानपणी दिवाळी अंक हातात पडला की मी आधी शिकारकथा काढायचो. तिचा साचा ठरलेला असे. गावचा पाटील गाऱ्हाणे घेऊन येई, मचाण बांधले जाई, थर्मासमधला चहा संपे, पाला वाजे आणि मग ‘ठो!’ जनावर जागच्या जागी कोसळे. या सगळ्यात शिकाऱ्याचा हात म्हणून कधी थरथरत नसे. मच्छरदाणीत पालथा पडून वाचणारा मी थरथरत असे, अंक थरथरत असे, पण तो गृहस्थ आपला ढिम्म. बार काढल्यावर त्याने आधी काय केले असेल तर पाइप पेटवला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली, आणि झाले ते फार चांगले झाले. माझी तक्रार एवढीच, की त्यामुळे या ढिम्म गृहस्थांची उलटतपासणी व्हायची ती राहूनच गेली.

ती उलटतपासणी अमेरिकनांनी केलेली आहे. हरणासमोर माणसाची जी त्रेधा उडते तिला त्यांनी चक्क एक नाव देऊन ठेवले आहे – ‘बक फीव्हर’. बक म्हणजे नर हरिण. ते समोर आले की भरवते तो हा ज्वर. छातीत हातोडे, तोंडाला कोरड, हातापायांना कंप, आणि डोक्यातली अक्कल तेवढ्यापुरती रजेवर. आता आपल्या कानाला ‘बक’ म्हटले की बगळा आठवतो, आणि बगळ्यावरून बकध्यान. एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले, आणि सगळे लक्ष माशावर! म्हणजे त्यांचा बक कापरे भरवणारा आणि आपला बक शांततेचा पुतळा. शिकारीच्या साहित्याची समीक्षा करायला मला याहून चांगल्या दोन पेट्या सापडल्या नाहीत. कुठलेही पुस्तक घ्यावे आणि विचारावे, बाबा रे, तुझ्यात ज्वर किती आणि ध्यान किती?

ज्वराबद्दल शहाण्यासारखे लिहिले ते थिओडोर रूझवेल्टने, म्हणजे जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला त्याने. त्याचे म्हणणे असे, की या ज्वराचा भित्रेपणाशी काही संबंध नाही. पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे बोलायला उभे राहणाऱ्यालाही हाच ज्वर चढतो. त्यावर धैर्याचा उपयोग नसतो, मज्जातंतूंवर ताबा लागतो, आणि तो ताबा फक्त सरावाने येतो. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. बँकेत आमच्या हेडक्लार्कांच्या निरोपसमारंभात मी भाषणाला उभा राहिलो होतो. ‘आज आपल्याला अतिशय आनंद होत आहे’ एवढे एकच वाक्य बोलून खाली बसलो. तो बकज्वर होता हे कळायला मला तीस वर्षे लागली. हेडक्लार्कांना अजून कळलेले नाही.

आता ध्यानपंथाकडे वळू. त्यांचा मुख्य ग्रंथ म्हणजे एक चित्रपट, ‘द डिअर हंटर’. साल १९७८, दिग्दर्शक मायकेल चिमिनो, ऑस्करे पाच. चित्रपट तीन तासांचा. त्यात सुरुवातीला एक लग्न आहे, ते इतके लांबते की आपण आहेर आणायला विसरलो की काय असे वाटू लागते. लग्न उरकून पोलाद कारखान्यातले दोस्त हरणाच्या शिकारीला निघतात. गाव पेनसिल्व्हेनियातले, पण डोंगर दिसतात ते वॉशिंग्टन राज्यातले, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचे. चित्रण तिथे झाले. आपल्याकडे नायिका मुंबईत गाणे सुरू करते आणि अंतरा काश्मिरात घेते, तिला आपण हसतो. ऑस्कर मिळाले की त्याला दृष्टी म्हणतात.

ते असो. नायक मायकेल, म्हणजे रॉबर्ट डी नीरो, याचे तत्त्वज्ञान असे की हरिण एकाच गोळीत पडले पाहिजे. दुसरी गोळी म्हणजे नामुष्की. आणि तो तसे पाडतो. हात स्थिर, चेहरा स्थिर. इथे मला आमचे पाइपवाले गृहस्थ आठवले आणि मी खुर्चीत मागे रेललो. म्हटले, चला, हाही त्यातलाच. पण मग तो व्हिएतनामच्या युद्धावर जातो, तिथे त्याच्या नि त्याच्या दोस्तांच्या कानशिलाला पिस्तूल लागते, आणि परत आल्यावर तो पुन्हा त्याच डोंगरात जातो. हरिण समोर उभे आहे. नेम धरलेला आहे. आणि तो गोळी वर, हवेत सोडतो. हरिण निघून जाते. टीकाकारांनी या प्रसंगावर पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातले जे पटले ते अगदी साधे आहे. पहिल्या वेळी त्याचा हात स्थिर होता, कारण गोळीच्या पलीकडच्या टोकाला काय असते हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळी ठाऊक होते. त्यासाठी मी त्याला ते लग्न माफ केले.

फॉकनरने मात्र मला चकित केले. त्याच्या ‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) या पुस्तकात ‘द ओल्ड पीपल’ नावाची कथा आहे. बारा वर्षांचा मुलगा आपले पहिले हरिण मारतो आणि सॅम फादर्स नावाचा म्हातारा त्या हरणाचे रक्त मुलाच्या चेहऱ्याला लावतो. बाळबोध शिकारकथेत इथे ‘ठो’ आले असते. फॉकनर म्हणतो, त्या मुलाला तो बार कधी ऐकूच आला नाही. ऐंशी वर्षांचा झाला तरी आठवणार नाही. बंदुकीचे नंतर काय केले तेही नाही. पहिल्या वाचनात मला ही लेखकाची शैलीबाजी वाटली होती. फॉकनरच्या बाबतीत तसा संशय घ्यायला जागा असते, त्याचे एक वाक्य कधी कधी आमच्या चाळीच्या गॅलरीएवढे लांब असते. पण पुढे कळले की हे शरीरशास्त्र आहे. रक्तात अॅड्रिनलिन उसळले की नजरेची खिडकी अरुंद होते आणि कान बंद पडल्यासारखे होतात. चकमकीत गोळी झाडणाऱ्या पोलिसांनाही स्वतःच्या पिस्तुलाचा आवाज आला नाही, असे होते. म्हणजे सगळ्या शिकारकथांतला ‘ठो’ हा लेखकाने मागाहून भरलेला असतो. माझे अर्धे बालपण त्या ‘ठो’वर गेले.

हेमिंग्वेचे मी थोडक्यात उरकतो, कारण तो स्वतःबद्दल बरेच बोलतो. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ (१९३५) मध्ये तो कुडूच्या मागे लागतो. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचा कुरंग. शास्त्र्यांच्या हिशेबी तो सारंग कुळातला नव्हे, त्याची शिंगे गळत नाहीत. पण मराठीत सगळी हरणेच. शेवटी कुडू मिळतो, एक नव्हे दोन. आनंदीआनंद! आणि तंबूत येऊन बघतो तर बरोबरच्या कार्लने त्याहून मोठ्या शिंगांचा मारलेला. तिथे हेमिंग्वेचा जो चेहरा पडतो तो मला शंभर टक्के खरा वाटतो. आपल्या मुलाला ब्याऐंशी टक्के पडल्याचे पेढे घेऊन शेजारी जावे आणि शेजाऱ्याच्या मुलाला सत्त्याऐंशी असावेत, तसे. तोही ज्वरच, फक्त बार काढल्यानंतर चढणारा.

आपल्याकडे हरणाच्या शिकारीचा शेवट एकंदरीत बरा होत नाही. मारीचाच्या मागे राम गेला, पुढचे सांगायला नको. पांडूने हरिण म्हणून बाण मारला तो किंदम ऋषी निघाला. सुटला तो एक दुष्यंत. ‘शाकुंतला’चा पहिला अंक काढा. रथ भरधाव, पुढे हरिण, राजाच्या धनुष्याला बाण लावलेला, आणि राजा वर्णन काय करतो? तर हरिण मान वळवून कसे बघते आहे, आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर कसे सांडत आहेत! रसिकांनी यावर दीड हजार वर्षे माना डोलावल्या. मी समीक्षक म्हणून विचारतो, ज्याला ज्वर चढला आहे त्याला हरणाच्या तोंडातले गवत दिसेल काय? त्याला शिंगे दिसतील, फक्त शिंगे. दुष्यंत पूर्ण शांत आहे. म्हणूनच तपस्व्याने ‘आश्रमाचे हरिण आहे, मारू नकोस’ म्हटल्याबरोबर त्याला बाण उतरवता आला. ज्वर चढलेल्याला तपस्वी ऐकूच आला नसता. (फॉकनर पाहा.) हाच राजा चार पावलांवर शकुंतला दिसल्यावर असा काही तापतो, की दुसऱ्या अंकात त्याच्याने धनुष्य ओढवत नाही. हरणांची नजर तिच्यासारखी आहे म्हणे! सेनापती बिचारा शिकारीचे फायदे सांगतो आहे, पोट कमी होते, अंग हलके होते, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो. विदूषक उन्हातान्हात हिंडून आणि अवेळी खाऊन कावला आहे. दोघांच्याही जिवाचे काय, याची राजाला दाद नाही.

आणि मग जिम कॉर्बेट. त्याचे जनावर वाघ आहे, हरिण नव्हे, हे मला मान्य आहे. पण ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) मधली चौगडची वाघीण वगळून शांतपणावर लिहिणे म्हणजे विठोबा वगळून पंढरपूरवर लिहिणे. कॉर्बेट दरीतून चाललेला. वाटेत एका पक्ष्याची दोन अंडी सापडली, ती त्याने डाव्या हातात घेतली, कारण त्याला अंडी जमवायचा नाद. आणि वळणावर वाघीण, हाताच्या अंतरावर म्हणावी अशी. एका हातात अंडी असल्यामुळे त्याला बंदूक झटक्याने फिरवता येईना. उजव्या हाताने ती इंच इंच, अगदी सावकाश वळवावी लागली. त्या सावकाशपणामुळे वाघिणीने झेप घेतली नाही, असे तो स्वतःच सांगतो. दोन्ही हात मोकळे असते तर तो चटकन वळला असता आणि ती तिथेच त्याच्यावर आली असती. नंतर त्याने अंडी परत जागेवर नेऊन ठेवली. सबंध शिकारवाङ्मयात मला हा प्रसंग सर्वांत आवडतो. माणसाचे धैर्य दोन अंड्यांवर तोललेले आहे, आणि लेखक ते लपवत नाही.

शेवटी उरली ती शिकारीची अमेरिकन मार्गदर्शक पुस्तके. त्यांना कोणी साहित्य म्हणत नाही. पण प्रामाणिकपणाला गुण द्यायचे तर पहिला नंबर त्यांचा. कारण वाचक थरथरणार हे गृहीत धरूनच ती लिहिलेली असतात. शिंगांकडे बघू नका. पुढच्या खांद्याच्या जरा मागची, काळीज नि फुप्फुसाची जागा बघा, तिथला एकच केस बघा. बंदूक कशावर तरी टेकवा. खोल श्वास घ्या, अर्धा सोडा, धरा, आणि चाप ओढू नका, दाबा. परीक्षेआधी मास्तर सांगायचे, आधी सोपे प्रश्न सोडवा, तोच सूर. मी ही पुस्तके पलंगावर पडून इतकी वाचली होती, की मला हरणाची भीती उरली नव्हती.

अशा तयारीनिशी मी विस्कॉन्सिनला मुलीकडे गेलो. तिथे बंदुकीने हरणे मारायचा मोसम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. २०२३ साली तो १८ नोव्हेंबरला आला. मुलीच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना म्हातारबुवा म्हणतो. ते मला ‘प्रोफेसर’ म्हणत, कारण मी त्यांना कुंपणावरून फॉकनर ऐकवला होता. म्हणाले, ‘‘प्रोफेसर, नुसते वाचून काय होते? चला माझ्याबरोबर.’’

मला भडक केशरी जाकीट आणि टोपी देण्यात आली. हरणाच्या डोळ्याला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र दिसतो. मला बघून ही म्हणाली, ‘‘संन्यास घेताय तर निदान दाढी करून जा.’’

मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली. दोन खुर्च्या, एक खिडकी. अंधारात जाऊन बसलो. बंदूक त्यांच्याकडे, थर्मास माझ्या मांडीवर. ‘‘हलायचे नाही, बोलायचे नाही,’’ एवढीच आज्ञा. दोन तास काही घडले नाही. पायाची बोटे गेली, मग घोटे गेले. एकाही लेखकाने बोटांबद्दल लिहिलेले नाही, असे मी मनातल्या मनात टिपून घेत होतो.

आणि झाडीतला एक तपकिरी तुकडा पुढे सरकला. त्याला पाय फुटले. मग मान. मग शिंगे.

काय सांगू! पुस्तके, श्वास, केस, काही आठवले नाही. मला फक्त शिंगे दिसत होती आणि माझेच काळीज कानात वाजत होते. म्हातारबुवांनी सावकाश बंदूक चौकटीवर टेकवली. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली, अर्धी, आणि थांबली. पाठ्यपुस्तकातल्यासारखी. हरिण आडवे उभे होते. त्या क्षणी मी थर्मास खाली ठेवला आणि त्यांची बाही धरून म्हणालो, ‘‘अहो, तो बघा!’’ मराठीत.

बार मला ऐकू आला नाही. हरिण पाठीतून आकसले आणि झाडीत गेले.

म्हातारबुवांनी दुसरे काडतूस चढवले, खटका लावला, घड्याळ पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. ‘‘मागे लागली, पोटात,’’ म्हणाले. काळजात लागली तर अर्धा तास थांबून माग काढतात. पोटात लागली तर कित्येक तास थांबायचे. लगेच मागे गेले तर जनावर जिवाच्या आकांताने लांब पळते. ते आसपास कुठेतरी बसते, आणि आपण त्याला बसू द्यायचे.

आम्ही पाच तास बसलो. हे पाच तास मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाहीत. हेमिंग्वेत नाहीत, दिवाळी अंकात तर नाहीतच. दोनशे पावलांवर ते कुठेतरी पडले आहे, कशामुळे ते मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, आणि करायचे काही नाही. मी ‘सॉरी’ म्हणालो. बसमध्ये पायावर पाय पडला की म्हणतो तो शब्द. दुसरा मला येत नव्हता. म्हातारबुवांनी माझाच थर्मास उघडून कॉफी ओतली. आता त्यांचा हात कापत होता, झाकण थर्मासवर टकटकत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, की बाराव्या वर्षी पहिल्या शिकारीला वडिलांबरोबर गेले होते. हरिण आले तेव्हा यांनी चाप न दाबताच खटक्यामागून खटका ओढून सगळी काडतुसे पालापाचोळ्यात पाडली, एकही उडाले नाही, आणि आपण गोळ्या झाडतो आहोत अशीच त्यांची समजूत होती. वडिलांनी खाली उतरून एकेक काडतूस वेचले, पुसले, खिशात टाकले. बोलले काही नाहीत. मी विचारले, नंतर? म्हणाले, ‘‘नंतरही नाही.’’

दुपारी माग काढला. पानावर एक थेंब, पुढे बारा पावलांवर दुसरा. प्रत्येक ठिकाणी ते फांदीला केशरी फितीचा तुकडा बांधत. काही ठिकाणी ते गुडघ्यांवर बसून पाने उलटून बघत होते. तीनच्या सुमारास झुडपात सापडले. पाय पोटाशी घेऊन बसले होते, गोठ्यात गाय बसते तसे, फक्त मान एका बाजूला. कधीच गार झाले होते. म्हातारबुवांनी टोपी काढली. मीही काढली.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात चार शेजारी जमले, जावईबापू आले, मुलगी आली. शिंगे मोजून झाली. मग कोणीतरी जखमेकडे बोट दाखवून विचारले, ही इतकी मागे कशी? म्हातारबुवा दोर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘माझा हात हलला.’’

सगळे हसले. वय झाले आता, असे कोणीतरी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बाबा, आणि तुम्ही काय करत होतात तेव्हा?’’

‘‘मी? थर्मास धरून बसलो होतो,’’ मी म्हणालो.